विमानाची भीती असेल तर मसाईमाराला सकाळी उडा

केनियातल्या मसाईमारा अभयारण्यात जायचं म्हटलं की ठाण्यातला कुठलाही टूरवाला दोन पर्याय सांगतो. नैरोबीहून जीपने पाच-सहा तास, नाहीतर छोट्या विमानाने पाऊण तास. विमानाला घाबरणारा माणूस पुढचं न ऐकताच जीपवर बोट ठेवतो. मीही घाबरणारीच आहे. मोठ्या विमानातसुद्धा चाकं सुटली की माझा हात शेजारच्याचं मनगट धरतो, मग शेजारी नवरा असो वा नसो. तरी माझं मत विचाराल तर छोटं विमानच घ्या. फक्त "आधी भीती जाऊ दे, मग तिकीट काढू" असं करत बसू नका, ती काही जात नाही. तिला जिथे जिथे वाव मिळतो, त्या फटी आधीच बुजवून ठेवायच्या.

सगळ्यात मोठी फट म्हणजे दुपार. मारा विषुववृत्ताच्या जरासं दक्षिणेला आणि समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंचावर आहे. ऊन चढलं की जमीन तापते, पण सगळीकडे सारखी नाही. उघडी माती जास्त तापते, झाडी कमी. तापलेल्या पट्ट्यांवरून गरम हवा वर उसळते, बाजूने गार हवा खाली येते, आणि छोटं विमान पस्तीस हजार फुटांवर जात नसल्यामुळे त्याला याच हवेतून वाट काढावी लागते. सकाळी आठ-नऊला ती बऱ्यापैकी शांत असते. म्हणून एजंटला पहिलीच अट घालायची: जाताना सकाळचं, येतानाही सकाळचं. येतानाच्या तिकिटाला तो कुरकुर करेल, कारण दुपारी निघालं तर सकाळची एक गेम ड्राइव्ह, म्हणजे जीपमधून प्राणी बघायची फेरी, जास्त मिळते. आमच्या घरातही यावरून जुंपली.

"अगं, एक राउंड फुकट जाईल," हे म्हणाले.

"अहो, मग तुम्ही दुपारी या. मी पुढे जाऊन नैरोबीत चहा पीत बसते."

तिकिटं दोघांची सकाळचीच निघाली.

याला जोडून आणखी एक गोष्ट. मुंबईचं विमान जोमो केन्याटा विमानतळावर उतरतं आणि सफारीची छोटी विमानं शहराच्या दुसऱ्या भागातल्या विल्सन विमानतळावरून सुटतात. मधला ट्रॅफिक भरवशाचा नाही. त्याच दिवशी पुढचं विमान पकडायची घाई करू नका, रात्र नैरोबीत काढा. धावतपळत पोचलेल्या माणसाची छाती आधीच धडधडत असते.

विमान बहुतेक वेळा सेसना कॅरॅव्हॅन असतं. पंख डोक्यावर, चाकं कायम बाहेर, माणसं साधारण बारा, इंजिन एक. एकच इंजिन हे कळल्यावर मी एजंटच्या ऑफिसात पाण्याचा ग्लास मागून घेतला होता. पण ते टर्बोप्रॉप, म्हणजे जेटच्या जातीचं पण पंखा फिरवणारं इंजिन आहे, त्याच्या पीटी-६ घराण्यातली इंजिनं १९६० च्या दशकापासून जगभर चालताहेत. समजा ते बंद पडलंच, तरी विमान दगडासारखं कोसळत नाही, पंखांवर तरंगत उतरत जातं. शिवाय हे विमान कमी वेगात, आखूड कच्च्या धावपट्टीवर उतरण्यासाठीच बनलेलं आहे.

माझी भीती निम्म्याहून जास्त कानातून येते, म्हणून आवाजांबद्दल जरा सविस्तर. उडाल्यावर थोड्या वेळाने इंजिनाचा सूर एकदम खाली येतो. काही बिघडलेलं नसतं, उड्डाणापुरती लावलेली जास्तीची ताकद पायलट कमी करतो. उतरताना, चाकं टेकायच्या अगदी आधी, कधी कधी बारीक पिपाणी वाजते. वेग कमी झाल्याची ती सूचना असते आणि उतरताना वेग कमीच करायचा असतो. टेकल्यावर जो मोठा घरघराट होतो तो पंख्याच्या पात्यांचा कोन उलटा करून ब्रेक लावल्याचा. जायच्या आधी यूट्यूबवर कॅरॅव्हॅनच्या आतले व्हिडिओ हेडफोन लावून ऐका, म्हणजे हे तिन्ही आवाज ओळखीचे होतात. मुंबईहून कुठे जवळपास एटीआर जात असेल तर पंख्याच्या विमानाची तीही एक तालीम.

कधी धावपट्टीजवळ येऊन विमान न टेकताच पुन्हा वर जातं. खाली झेब्रे किंवा हरणं शिरलेली असतात. जीप घालून त्यांना हाकलतात, मग विमान फिरून येतं. हे आधी माहीत असेल तर गंमत वाटते, नसेल तर माणूस रामरक्षा सुरू करतो.

आता माझा विषय. नौपाड्यात माझं औषधांचं दुकान आहे आणि माळशेज घाटात उलटी होते म्हणून ॲव्होमिन नेणारी गिऱ्हाइकं आयुष्यभर बघत आलेय. हीच गोळी इथेही चालते, पण उलटी व्हायला लागल्यावर नाही, उडायच्या तास-दोन तास आधी घ्यायची. तिने झोप येते. कुणाला किती येते हे सांगता येत नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारून आधी एखाद्या रविवारी घरी घेऊन बघा. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी तर न विचारता घेऊच नये, आणि सफारीला जाणाऱ्या आमच्या वयाच्या मंडळींत हे दोन्ही भरपूर. भीतीसाठी झोपेची गोळी मागणारेही येतात. माझ्या मते पाऊण तासाच्या प्रवासासाठी ती नको. उतरल्या उतरल्या समोर सिंह बसलेला असायचा आणि तुम्ही जीपमध्ये घोरत. पोट रिकामं ठेवू नका, गच्चही भरू नका. खिशात आलेपाक असू दे, आल्याने मळमळ खरंच कमी होते. विमानात हवेचा दाब राखायची सोय नसते, कानांना दडे बसतात, तेव्हा चघळत गिळत राहायला तोच उपयोगी पडतो. आणि विमानात संडास नसतो. घाबरलेल्या माणसाला हे आधी कळलेलं बरं.

पिवळ्या तापाची लस मात्र माझ्या दुकानात मिळत नाही, ती सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, नाहीतर परतल्यावर भारतात विलगीकरणात ठेवू शकतात.

सामानाला साधारण १५ किलोची मर्यादा, हातातल्या पर्ससकट. बॅग मऊ कापडाची हवी, कारण ती विमानाच्या पोटाखालच्या बुटक्या कप्प्यात कोंबतात. कडक ट्रॉली तिथे शिरत नाही. जांभळी नाक्याला साध्या कापडी बॅगा मिळतात, भारी ब्रँड लागत नाही. लाडू-चिवडा प्लास्टिकच्या कॅरीबॅगेत बांधू नका, केनियात २०१७ पासून त्यांवर बंदी आहे. काउंटरवर तुमचं स्वतःचं वजन विचारलं तर लाजून पाच किलो कमी सांगू नका. विमानाचा तोल त्या आकड्यांवरच बघतात.

जागा बहुधा ठरलेली नसते. काउंटरवर सरळ सांगा की मला भीती वाटते, पुढे बसवा. शेपटीकडे हेलकावे जास्त, पंखांखाली कमी. मला पायलटच्या मागची जागा मिळाली. पायलट पोरगी आमच्या भाचीच्या वयाची होती. मनगटात केनियाच्या झेंड्याच्या रंगांचं मण्यांचं कडं, एक हात दांडीवर. नैरोबीजवळच्या न्गाँगच्या टेकड्यांवर वारा विमानाला ढकलतो, तिथे पहिला गचका बसला. माझं सगळं लक्ष त्या कड्याकडे. ते जागचं हललंही नाही. तिने दुसऱ्या हाताने चष्मा वर सरकवला आणि काहीतरी लिहून ठेवलं. त्यानंतर मी खाली बघू शकले, रिफ्ट व्हॅली दिसली.

एक विचारून ठेवा: तुमच्या आधी किती थांबे? ही विमानं शेअर रिक्षासारखी एकाला किचवा टेंबोला सोड, दुसऱ्याला केकोरोकला, अशी जातात. प्रत्येक थांबा म्हणजे आणखी एक उतरणं आणि आणखी एक उडणं. क्रम त्या दिवशीच्या प्रवाशांवर ठरतो, त्यामुळे खात्री कुणी देणार नाही, पण मनाची तयारी होते. एप्रिल-मेच्या मोठ्या पावसात जाऊ नका, तेव्हा ढगही असतात आणि कच्च्या धावपट्ट्यांवर चिखलही.

एवढं करूनही पाय उचलत नसेल, तर मारा सोडा आणि त्सावोच्या राष्ट्रीय उद्यानात जा. नैरोबी-मोंबासा नवी रेल्वे २०१७ साली सुरू झाली, व्होई स्टेशनला उतरलं की त्सावो ईस्टचं गेट जवळच. खिडकीतून हत्ती दिसू शकतात. गाडीत बसण्याआधी सामान ओळीत मांडून कुत्र्यांकडून हुंगवून घेतात, तेव्हा तासभर आधी पोचा, आणि बॅगेत सुका जवळा नेऊ नका.