नितंबाची रचना शिकताना आणि तपासताना या चुका टाळा

ॲनाटॉमीच्या अभ्यासक्रमात नितंबाचा भाग सोपा समजला जातो. तीन ग्लुटियल स्नायू (मॅक्झिमस, मीडियस, मिनिमस), त्यांच्या खाली मांडी बाहेर वळवणारे छोटे स्नायू, मधून जाणारी एक जाडजूड नर्व्ह (सायटिक), झालं. मग व्हायवात (तोंडी परीक्षेत) परीक्षक सांगाड्यातल्या एका पोकळ जागेवर पेन्सिल टेकवतात, ‘इथून काय काय बाहेर पडतं?’ असं विचारतात, आणि घोकलेली यादी त्या जागी बसवताच येत नाही. माझ्या मते इथल्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे: डोळ्यांना दिसणाऱ्या मांसल उभारावर भरवसा ठेवायचा आणि खालची हाडं बोटांनी चाचपायची नाहीत.

दिसतो तेवढाच भाग मोजणं

नितंब म्हणजे बसताना टेकतो तो गोल भाग, एवढीच बऱ्याच जणांची कल्पना असते. शरीरशास्त्रातला हा प्रदेश वर थेट कंबरेच्या हाडाच्या कडेपर्यंत, म्हणजे इलियाक क्रेस्टपर्यंत जातो. बाहेरच्या बाजूला तो पुढच्या टोकदार हाडापासून (एएसआयएस) ग्रेटर ट्रोकँटरपर्यंतच्या (मांडीच्या हाडाचा खुब्याजवळ बाहेर हाताला लागणारा उंचवटा) रेषेला भिडतो. खालची सीमा म्हणजे मांडीच्या सुरुवातीची आडवी घडी. ही घडी ग्लुटियस मॅक्झिमसची खालची कड आहे, असं उत्तर सर्रास दिलं जातं. ते चूक आहे. स्नायूची कड तिरपी उतरते आणि घडीला ओलांडून जाते. घडी पडते ती तिथली त्वचा खालच्या फॅशियाला (स्नायूवरच्या चिवट आवरणाला) घट्ट बांधलेली असल्यामुळे.

स्वतःच्या अंगावर तीन खुणा शोधून ठेवा. पाठीच्या खाली दोन्ही बाजूंना खळ्या दिसतात तिथे पीएसआयएस (कंबरेच्या हाडाचं मागचं टोक), साधारण दुसऱ्या सेक्रल मणक्याच्या पातळीवर. इलियाक क्रेस्टचा सर्वांत उंच बिंदू चौथ्या लंबर (कंबरेच्या) मणक्याच्या पातळीवर. आणि बसताना बुडाखाली टोचतं ते हाड, इश्चियल ट्युबरॉसिटी. हे तिसरं हाड उभ्याने सापडत नाही म्हणून गोंधळू नका. उभं असताना त्याच्यावर ग्लुटियस मॅक्झिमस असतो. मांडी वाकवली की स्नायू वर सरकतो आणि हाड उघडं पडतं. आपण बसतो ते या हाडावर, स्नायूवर नाही.

इंजेक्शनची जागा अंदाजाने ठरवणं

ही चूक सगळ्यांत महागात पडते, म्हणून इथे जरा थांबू या. ‘वरच्या बाहेरच्या चतुर्थांशात सुई द्या’ हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो. पण चतुर्थांश कशाचा? गोल उभाराचे चार भाग केले, तर त्यातला वरचा बाहेरचा भाग खऱ्या जागेच्या बराच खाली आणि आत येतो, सायटिक नर्व्हच्या जवळ. मोजायचा असतो तो इलियाक क्रेस्टपासूनचा पूर्ण प्रदेश. रुग्णाचे कपडे जेमतेम चार बोटं खाली ओढले असतील, तर हाडाच्या खुणा हाताला लागत नाहीत आणि मोजणी तिथेच चुकते. घाई असली तरी कपडे नीट बाजूला करून घ्या.

सायटिक नर्व्हचा मार्ग त्वचेवर आखून पाहिलात की भीती आणि अंदाज दोन्ही जागेवर येतात. पीएसआयएस आणि इश्चियल ट्युबरॉसिटी यांचा मध्य काढा, त्याच्या सुमारे २.५ सेंटिमीटर बाहेर पहिला बिंदू. ट्युबरॉसिटी आणि ग्रेटर ट्रोकँटर यांच्या मध्याच्या किंचित आत दुसरा. बाहेरच्या बाजूला फुगीर अशा वक्र रेषेने ते जोडा. सुई या रेषेच्या आसपास गेली तर पायात विजेसारखी कळ जाते. अशा वेळी औषध पुढे ढकलायचं नाही. सुई बाहेर काढायची आणि डॉक्टरांना कळवायचं. इजा झालीच तर नर्व्हचा बाहेरच्या बाजूचा कॉमन फिब्युलर भाग जास्त सापडतो आणि पाऊल वर उचलता येईनासं होतं.

त्यापेक्षा व्हेंट्रोग्लुटियल जागा सुरक्षित आहे. तळहाताचा मनगटाकडचा भाग ग्रेटर ट्रोकँटरवर ठेवा, तर्जनी एएसआयएसकडे, मधलं बोट क्रेस्टच्या कडेने मागे ताणा आणि दोन बोटांमधल्या त्रिकोणात सुई द्या. रुग्णाच्या डाव्या बाजूला तुमचा उजवा हात, उजव्या बाजूला डावा. हात उलटा निवडला तर तर्जनी मागे जाते; शिकाऊ मंडळींचा हा हमखास घोटाळा. इथे सुई ग्लुटियस मीडियसमध्ये जाते आणि मोठ्या नर्व्ह व रक्तवाहिन्या दूर राहतात.

तान्ह्या बाळाला नितंबात इंजेक्शन देऊ नये, तिथे स्नायूच पुरेसा नसतो. रेबीजची लस तर कोणत्याही वयात नितंबात देत नाहीत, कारण चरबीच्या जाड थरात ती अडकली तर प्रतिकारशक्ती नीट तयार होत नाही. मोठ्यांना ती दंडाच्या डेल्टॉइडमध्ये, लहानग्यांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात देतात.

पिरिफॉर्मिस न ओळखता यादी घोकणं

पिरिफॉर्मिस सापडला की निम्मा प्रदेश आपोआप उलगडतो. हा छोटा स्नायू सेक्रमच्या (पाठीच्या कण्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडाच्या) पुढच्या पृष्ठभागावरून निघतो, ग्रेटर सायटिक फोरामेनमधून (कंबरेच्या हाडातल्या मोठ्या छिद्रातून) बाहेर येतो आणि ग्रेटर ट्रोकँटरवर जाऊन बसतो. त्याच्या वरून बाहेर पडतात सुपीरियर ग्लुटियल नर्व्ह आणि रक्तवाहिन्या. बाकी बहुतेक सगळं खालून: इन्फीरियर ग्लुटियल नर्व्ह व रक्तवाहिन्या, सायटिक, मांडीच्या मागच्या त्वचेची नर्व्ह, क्वाड्रेटस फीमोरिसची नर्व्ह, प्युडेंडल नर्व्ह, इंटर्नल प्युडेंडल रक्तवाहिन्या आणि ऑब्ट्युरेटर इंटर्नसची नर्व्ह. यातल्या शेवटच्या तिघी बाहेर येऊन थांबत नाहीत. इश्चियल स्पाइनजवळून (दोन छिद्रांमधल्या हाडाच्या टोकाजवळून) वळसा घालून त्या लेसर सायटिक फोरामेनमधून (खालच्या छोट्या छिद्रातून) पुन्हा आत शिरतात. व्हायवात इथेच विकेट पडते.

डिसेक्शनमध्ये (शवविच्छेदन करताना) पिरिफॉर्मिस सापडत नसेल तर बहुतेक वेळा ग्लुटियस मीडियसच्या मागच्या कडेलाच पिरिफॉर्मिस समजलं गेलेलं असतं. तंतू कुठून येतात ते पाहा. इलियमच्या (कंबरेच्या रुंद हाडाच्या) बाहेरच्या पृष्ठभागावरून येत असतील तर मीडियस. ओटीपोटाच्या पोकळीतून, फोरामेनमधून येत असतील तर पिरिफॉर्मिस. किंवा उलटा रस्ता धरा: सायटिक नर्व्ह पकडून वर जा, ती ज्या स्नायूखालून निघते तो पिरिफॉर्मिस. क्वचित ही युक्तीही फसते, कारण काही शरीरांत नर्व्हचा एक भाग पिरिफॉर्मिसला भेदून किंवा त्याच्या वरून जातो. बीटन आणि ॲन्सन या संशोधकांनी १९३७ मध्ये या प्रकारांची वर्गवारी केली. तुमच्या टेबलावर असं दिसलं तर चूक तुमची नाही.

ग्लुटियस मॅक्झिमस कापून बाजूला करताना घाईने ओढू नका. इन्फीरियर ग्लुटियल नर्व्ह त्याच्या आतल्या पृष्ठभागातून शिरते आणि ओढाताणीत तुटते. सायटिकभोवतीची चरबी साफ करताना चिमटा बाहेरच्या बाजूने चालवा. हॅमस्ट्रिंगच्या (मांडीच्या मागच्या स्नायूंच्या) शाखा आतल्या बाजूने निघतात. नितंबातल्या एकाही ग्लुटियल स्नायूला सायटिक नर्व्ह पुरवठा करत नाही, हेही लक्षात असू द्या.

ट्रेंडेलनबर्ग चाचणीत बाजू उलटी सांगणं

फ्रीडरिश ट्रेंडेलनबर्ग यांनी १८९५ मध्ये वर्णन केलेली ही खूण. रुग्ण डाव्या पायावर उभा राहिला, उजवा पाय उचलला आणि उजवीकडचा कंबरेचा भाग खाली झुकला. दुर्बल कोण? विद्यार्थी उजवी बाजू सांगतात, कारण झुकलेली ती दिसते. पण तोल सांभाळण्याचं काम जमिनीवर टेकलेल्या पायाच्या बाजूचे ग्लुटियस मीडियस आणि मिनिमस करतात. ते ढिले पडले की कंबरेचं हाड उचललेल्या बाजूला घसरतं. म्हणजे दोष डावीकडे.

दुसरा घोळ रुग्ण स्वतःच करतो. तो धड दुर्बल बाजूला झुकवतो, भार पायावर आणतो आणि कंबर सरळ दिसते. चालतानाही तो तसाच त्या बाजूला झोके घेत जातो. म्हणून मागे उभं राहून खांदे आणि कंबर दोन्हींवर नजर ठेवा आणि त्याला साधारण ३० सेकंद तसंच उभं राहू द्या. थकवा आल्यावर खरं चित्र दिसतं. खूण सापडली की लगेच सुपीरियर ग्लुटियल नर्व्हवर खापर फोडू नका. खुब्याचा सांधा जन्मापासून निखळलेला असणं किंवा फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) मानेचं फ्रॅक्चर यातही ती दिसते.

ग्लुटियस मॅक्झिमस सगळ्यांत मोठा म्हणून चालण्याचं श्रेयही त्यालाच दिलं जातं. सपाट जमिनीवर सावकाश चालताना त्याला फारसं काम नसतं. जिना चढताना, खुर्चीतून उठताना, पळताना तो जोर लावतो. त्याचे बहुतेक तंतू फीमरवर नाही, इलियोटिबियल ट्रॅक्टमध्ये (मांडीच्या बाहेरच्या बाजूने गुडघ्याखाली जाणाऱ्या चिवट पट्ट्यात) जातात, म्हणून गुडघा ताठ ठेवण्यातही त्याचा हात असतो.

दुखणं एकाच खात्यात टाकणं

खुबा दुखतो म्हणणारा रुग्ण हात मागे नितंबावर ठेवतो की पुढे जांघेत, हे आधी बघा. खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुधा जांघेत जाणवतं. मागे नितंबात दुखत असेल तर कंबरेचे मणके आणि सेक्रोइलियाक सांधा (सेक्रम आणि इलियम यांच्यातला) तपासा. बाहेरच्या हाडाच्या टोकावर दुखत असेल आणि त्या कुशीवर झोपवत नसेल, तर बहुतेक वेळा मीडियस आणि मिनिमसचे टेंडन खराब झालेले असतात. याला पूर्वी सरसकट बर्सायटिस (हाडावरच्या द्रवपिशवीची सूज) म्हणत.

कळ गुडघ्याच्या खाली पावलापर्यंत जात असेल तर पिरिफॉर्मिसला दोष देण्याआधी कंबरेच्या चकतीचा विचार करा. सायटिकाचं (सायटिक नर्व्हच्या मार्गाने जाणाऱ्या कळीचं) ते कितीतरी जास्त आढळणारं कारण आहे. आणि त्यासोबत दोन्ही मांड्यांच्या मधली, बसण्याच्या जागेची त्वचा बधिर झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर व्यायाम, मालिश, शेक सगळं थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.