बेळगावात परसात सफरचंद लावायचंय? मग आधी एवढी तयारी करा

सफरचंद इकडं येतच नाही असं म्हणणारे भेटतील, पण जात बरोबर निवडली तर येतं, म्हणून यादीत पहिलं काम जात पक्की करायची. रॉयल डेलिशसचं रोप कुणी स्वस्तात दिलं तरी घेऊ नका, त्याला ७ अंशांच्या खाली हजारभर तास थंडी लागते आणि आपल्याकडं पारा तिथवर क्वचितच उतरतो, झाड नुसतं वाढत राहील, फुलणार नाही. बाजारातल्या फळाची बी लावणं पण नको, बियांपासून आईसारखं फळ येत नाही. कमी थंडीत येणाऱ्या जातींपैकी तीन बघा, इस्रायलची ॲना, बहामाची डॉर्सेट गोल्डन आणि हिमाचलच्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी (यांना २०२५ ला पद्मश्री मिळाली) तयार केलेली एचआरएमएन ९९. ॲना घेतली तर परागीकरणासाठी शेजारी डॉर्सेट पाहिजेच, म्हणजे दोन झाडांची जागा धरा, मध्ये दहा-बारा फूट. जागा एकाच झाडाची असेल तर एचआरएमएन बरी, ती एकटीच फळ धरते.

आता खरी काळजी पावसाची. उन्हापेक्षा मुळाशी साचलेलं पाणी झाड मारतं, त्यात आपला पावसाळा म्हणजे विचारूच नका, खानापूरकडं तर जास्तच. म्हणून दिवाळी झाली की दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा काढा, पाणी भरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसंच असेल तर तिथं नको. वडगाव-येळ्ळूरकडं काळी जमीन असली तर जमिनीवर दीड फूट उंचवटा करून त्यावरच लावा, खानापूरच्या जांभ्या मातीत निचरा चांगला पण पाणी टिकत नाही, तिथं शेणखत जास्त घाला. भरताना पोयटा, चांगलं कुजलेलं शेणखत (ओलं शेण अजिबात नको, मुळं जळतात), थोडी निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा (मुळांच्या रोगांना आवर घालणारी उपयोगी बुरशी). दिवसात सहा-सात तास ऊन पाहिजे, नारळ-आंब्याच्या सावलीत फुलं धरत नाहीत.

रोप घेताना कलमाचा जोड नीट बघा, तो भरून आलेला पाहिजे आणि लावताना मातीच्या तीन-चार बोटं वर राहिला पाहिजे, गाडला गेला तर वरच्या कलमालाच मुळं फुटतात आणि खालच्या खुंटाचा, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधलंय त्याचा, उपयोग राहत नाही. लागण डिसेंबर-जानेवारीत. काठी, सुतळी, बुंध्याला चुना आणि आळ्यात घालायला वाळलेलं गवत आधीच आणून ठेवा, एप्रिल-मेच्या उन्हात साल तडकते. छाटणीच्या जखमांना बोर्डो पेस्ट, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी या हिशेबानं, घरी एका-दोन झाडांना त्याचा दहावा भाग पण पुष्कळ. फांद्यांवर कापसासारखा पांढरा मावा दिसला तर लगेच पुसून काढा.

पुढची तयारी पानगळीची. थंडी कमी पडते म्हणून झाड झोपतच नाही, तेव्हा दुसऱ्या वर्षापासून डिसेंबरमध्ये पाणी कमी करायचं आणि राहिलेली पानं हातानं काढून टाकायची, मग कळ्या एकदम फुटतात. पहिल्या दोन वर्षांत आलेली फुलं खुडून टाका, जिवावर येतं खरं, पण झाडाचा सांगाडा आधी भरला पाहिजे. नंतर एका घोसात एक-दोनच फळं ठेवा. फळं मे-जूनमध्ये येतात, म्हणजे पाऊस लागायच्या तोंडावर, तोवर माकडं आणि पोपटांसाठी जाळी घरात असू द्या, फळाला रंग चढायच्या आधीच टाकायची.