संशोधन संस्थेशी भागीदारी कशी करावी

संचालकांच्या दालनात सामंजस्य करारावर सही झाली की भागीदारी सुरू झाली, हा समज आधी बाजूला ठेवावा. सुरुवात प्रश्नापासून होते. समजा, गोव्यातील वेर्ण्याच्या एखाद्या कारखान्याला काजूच्या बोंडूचा रस काढल्यावर उरणारा चोथा वापरायचा आहे. ‘यापासून काहीतरी करून द्या’ असे म्हटल्यास शास्त्रज्ञ चहा पाजतील, एवढेच. मात्र ‘ओला चोथा आंबण्याआधी किती तापमानाला, किती तास वाळवला तर बिस्किटाच्या पिठात मिसळता येईल’ असे लिहून नेले, तर कोणाकडे जायचे तेही त्या प्रश्नातूनच कळते.

शेती-बागायतीसाठी जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था, समुद्राशी निगडित विषयासाठी १९६६ पासूनची दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, सूक्ष्मजीवशास्त्रासाठी ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठ. संबंधित शास्त्रज्ञाचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध वाचून त्यांनाच थेट पत्र लिहावे. नमुना किंवा कृती दाखवण्याआधी गोपनीयता करार करावा.

काजूचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे एवढाच असतो आणि सरकारी संस्थेतील फाईल आपल्या चालीने चालते. म्हणून बोलणी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी सुरू केलेली बरी, नाहीतर करार होईपर्यंत बोंडू संपलेले असतात.

सर्वाधिक वेळ हक्कांच्या कलमांना द्यावा. कोणाचे आधीचे ज्ञान कोणते, नव्या शोधाचे पेटंट कोणाच्या नावावर आणि वापराचा परवाना कोणत्या उत्पादनांपुरता, हे स्पष्ट लिहावे. संशोधक विद्यार्थ्याला प्रबंध व शोधनिबंध हवाच असतो, त्यात त्याची चूक नाही. पण पेटंट अर्जापूर्वी शोध प्रसिद्ध झाला, तर त्याचे नावीन्य सहसा संपते. म्हणून शोधनिबंधाचा मसुदा कंपनीला आधी दाखवण्याची मुदत ठरवावी आणि त्या मुदतीत पेटंटचा तात्पुरता अर्ज दाखल करावा, ज्यानंतर पूर्ण विनिर्देशासाठी, म्हणजे शोधाच्या सविस्तर लेखी वर्णनासाठी, १२ महिने मिळतात.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत, मात्र नीट केलेल्या प्रयोगाचे उत्तर नकारार्थी आले म्हणून हप्ता अडवू नये. शिवाय उत्पादन विभागातील एक माणूस दर पंधरवड्याला प्रयोगशाळेत बसवावा, कारण ट्रेमध्ये पातळ पसरलेला पाव किलो चोथा जसा वाळतो, तसा कारखान्यातील ढीग वाळत नाही, आणि ही अडचण अहवाल हाती येण्याआधी त्यालाच दिसते.