गणपतीत मंडई मेट्रो स्टेशनवरची गर्दी कशी सांभाळायची

गणपतीत पुण्याच्या मंडई मेट्रो स्टेशनला ड्युटी लागणाऱ्या स्टाफसाठी आणि मदतीला येणाऱ्या मंडळाच्या पोरांसाठी हे लिहितोय. सप्टेंबर 2024 च्या शेवटी स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सुरू झाला, म्हणजे 2025 चा गणपती हा त्याचा पहिलाच. वर रस्त्यावर गर्दी झाली तर लोक गल्लीबोळात तरी पांगतात, खाली पांगायला जागाच नसते.

म्हणून गर्दी अडवायची ती वरती, रस्त्यावरच. प्लॅटफॉर्म भरल्यावर बघू म्हणत बसलात तर उशीर झालाच समजा, कारण तोवर जिन्यावर माणसं अडकलेली असतात आणि मागचे रेटत असतात. प्लॅटफॉर्म रिकामा करणार ती फक्त गाडी, आणि ती तीन डब्यांची.

अडवायचं कधी हे फरशीवरून ठरवा. दोन फुटी फरशी असेल तर तीन फरश्या म्हणजे साधारण एक चौरस मीटर, त्यात चार माणसं असेपर्यंत लोक आपापले चालू शकतात, पाच-सहा झाले की पाय आपले राहत नाहीत, गर्दी नेईल तिकडे जायचं. तर खालच्या माणसाने चार दिसले की लगेच वॉकीटॉकीवर सांगायचं आणि वरच्याने कारण न विचारता दोरी धरायची. ढोल पथकात दोरी धरलेली पोरं इथे खरंच सगळ्यात कामाची, त्यांना गर्दीला न ढकलता थोपवता येतं.

सरकत्या जिन्याकडे जास्त लक्ष द्या. खाली जागा असो नसो, तो माणसं आणून टाकतच राहतो. पायथ्याशी एक माणूस कायम हवा. तिथे तुंबायला लागलं तर आधी वरून चढणं बंद करा, जिना रिकामा होऊ द्या, मग थांबवा. लाल बटण कोणी पडलं, अडकलं तरच, नाहीतर भरलेला जिना एकदम थांबला की लोक एकमेकांवर पडतात. आणि डावीकडून चालणाऱ्यांना वाट सोडायची सवय गर्दीत मोडा, लंडनला होबर्न स्टेशनवर दोन्ही बाजूंनी नुसतं उभं राहायला लावून बघितलं तर सुमारे 30 टक्के जास्त माणसं वर गेली.

साध्या जिन्याला मधोमध दोरी, उतरणारे एकीकडे, चढणारे दुसरीकडे, आणि थांबायचं कोणीच नाही. पाऊस आला की लोक तोंडाशीच छत्री उघडत उभे राहतात, तिथे एक जण ठेवाच. मुंबईत एल्फिन्स्टन रोड रेल्वे स्टेशनला 29 सप्टेंबर 2017 ला पावसामुळे लोक पुलावर आणि जिन्यावर थांबून राहिले आणि 23 जण गेले. लंडनच्या बेथनल ग्रीन स्टेशनला 1943 मध्ये जिन्याच्या पायथ्याशी एक बाई अडखळली, त्यात 173 गेले. दोन्हीकडे माणसं गेली ती जिन्यावर.

भोंग्यावर खरं तेच बोला. "खाली गर्दी आहे, दोन गाड्या गेल्या की सोडतो, घाई असेल तर कसबा पेठ स्टेशन पायी जवळ आहे" एवढं पुरतं, कारण कळलं की लोक ऐकतात. तिकीट वरतीच काढून ठेवायला सांगा, गेटपाशी मोबाईल चाचपणारा एक जण मागची अख्खी रांग तुंबवतो. बाहेर पडणाऱ्यांसाठी जास्त गेट उघडी ठेवा. पोर हरवलं तर भेटायची जागा स्टेशनबाहेरची सांगा, आत नको.

सोडताना दोरी एकदम टाकू नका, लोक धावत सुटतात. पंचवीस-तीस जण सोडा, ते गेटच्या पार गेले की पुढचे.