स्टार्टर पेटीचं अवजड ड्रॉइंग कीकॅडमध्ये आणायचं कसं

मोटरीच्या ऑटो स्विचचं किंवा ठिबकच्या टायमरचं सर्किट कीकॅडमध्ये, म्हणजे सर्किट बोर्ड आखायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये, तयार झालं, की पुढचा प्रश्न पेटीचा. बोर्डाची कड आणि स्क्रूची भोकं पेटीत नेमकी बसायला हवीत. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून येते ती मात्र अगडबंब डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या ड्रॉइंगची) फाइल: मापं, हॅचिंग (भाग भरणाऱ्या तिरप्या रेघा), बिजागऱ्या, कंपनीचा शिक्का, सगळं एकत्र. मग कुणी सल्ला देतं पीडीएफचं एसव्हीजी (रेघांचं चित्र) करा, कुणी म्हणतं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवून ट्रेस काढा. हे दोन्ही करू नका. फोटोतलं माप भरवशाचं नसतं आणि पीडीएफमध्ये गोल कोपऱ्यांची मूळ त्रिज्या उरत नाही. मोठी फाइल ऑनलाइन कन्व्हर्टरवर चढवत बसायचीही गरज नाही. गावात रेंज जाते, लाईन जाते आणि अपलोड पुन्हा पहिल्यापासून. आपल्याला त्या ड्रॉइंगमधली बोर्डाची एक कड हवी आहे, बाकी सगळं ओझं.

ओडीए फाइल कन्व्हर्टर फुकट आहे आणि नेटशिवाय चालतं. त्यात डीडब्ल्यूजीची डीएक्सएफ, म्हणजे कीकॅडला वाचता येणारी ड्रॉइंग फाइल, करून घ्या. ती ऑटोकॅड किंवा लिब्रेकॅडमध्ये उघडा, ब्लॉक (एकत्र बांधलेल्या रेघांचे गट) एक्स्प्लोड करून सुटे करा, मापं, मजकूर आणि हॅच पुसा. फाइल इथेच हलकी होते.

आता खरी कसोटी: कड बंद करणं. स्क्रीनवर चौकोन पूर्ण दिसतो, पण कोपऱ्यावर भरपूर झूम केलं की एक रेघ दुसरीच्या 0.02 मि.मी. अलीकडे थांबलेली सापडते. कीकॅडला तेवढी फट पुरते. थ्रीडी व्ह्यूमध्ये बोर्डाचा आकार बिघडतो आणि डीआरसी, म्हणजे कीकॅडची नियमतपासणी, बाह्यरेषा सदोष असल्याचं सांगते. दुसरं दुखणं म्हणजे एकावर एक पडलेल्या रेघा. पत्र्याच्या ड्रॉइंगमध्ये तीच कड दोन लेयरवर काढलेली असते, ती डोळ्याला एकच दिसते.

क्रम चुकवू नका. आधी दुहेरी रेघा काढा, मगच जोडा. उलट केलंत तर जोडलेली रेघ स्वतःवरूनच परत फिरते आणि दोष शोधणं अवघड होऊन बसतं. ऑटोकॅडमध्ये आधी ओव्हरकिल ही कमांड दुहेरी रेघा काढायला, मग पीएडिट कमांडचं जॉइन सुट्या रेघा जोडायला. तिथे फझ अंतर, म्हणजे जोडताना चालवून घ्यायची फट, 0.05 मि.मी.च्या वर नेऊ नका, नाहीतर वायरसाठी ठेवलेल्या बारीक खाचाही गिळल्या जातात. शेवटी प्रॉपर्टीजमध्ये पॉलिलाइन (जोडून झालेली सलग रेघ) ‘क्लोज्ड’ आहे की नाही ते बघा. नसेल तर पुढे जाऊ नका. कड साधी असेल, म्हणजे चार बाजू, चार गोल कोपरे आणि एखादी खाच, तर दुरुस्तीच्या भानगडीत पडूच नका. नव्या लेयरवर एंडपॉइंट स्नॅप लावून, म्हणजे रेघेच्या टोकाला नेमकं चिकटेल असं करून, ती पुन्हा काढा. स्प्लाइन (मुक्त वळणाच्या रेघा) असतील तर त्यांच्या जागीही आर्क, म्हणजे वर्तुळाचे तुकडेच काढा. पेटीचं आतलं माप हीच बोर्डाची कड धरायची नसते. पावडर कोटिंगलाही जाडी असते, म्हणून मी चारही बाजूंनी 0.5 मि.मी. आत घेतो.

नंतर कडेचा डावा खालचा कोपरा 0,0 वर आणा. कीकॅड आतून नॅनोमीटरमध्ये, 32 बिटांच्या आकड्यांत मोजतं, त्यामुळे शून्यापासून साधारण 2.14 मीटरपलीकडची रेघ त्याच्या आवाक्यातच नसते. पत्र्याच्या पूर्ण शीटवर कुठेतरी दूर काढलेली पेटी इथेच अडते. एककही तपासा: 150 मि.मी.ची कड इंच समजून वाचली गेली, तर 3810 मि.मी. होते.

आता कीकॅडच्या पीसीबी एडिटरमध्ये फाइल, इम्पोर्ट, ग्राफिक्स. लेयर एज-कट्स (बोर्ड जिथे कापला जातो ती कड), स्केल 1. आल्यावर एक बाजू मोजा.

भोकांची वर्तुळं मात्र एज-कट्सवर आणू नका. ती वेगळ्या डीएक्सएफमधून युझर ड्रॉइंग्ज लेयरवर घ्या आणि प्रत्येकावर माउंटिंग होलचं फूटप्रिंट (कीकॅडमधला तयार आराखडा) ठेवा, एम3 स्क्रूसाठी 3.2 मि.मी.चं. त्यामुळे भोक ड्रिल फाइलमध्ये जातं आणि तांब्याची रेघ स्क्रूच्या फार जवळ आली तर डीआरसी सांगते. 230 व्होल्टचा बोर्ड लोखंडी पेटीत बसवायचा असेल, तर ही खबरदारी सोडायची नाही.

गर्बर, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या फाइली, पाठवण्याआधी 1:1 प्रिंट काढा, कात्रीने कापा आणि खऱ्या पेटीत स्क्रू घालून बघा. प्रिंट करताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा.