चकती घेतली का?

रविवारी पुन्हा जुन्या रेकॉर्डचा मेळा आहे. मागच्या खेपेला यॉर्कशरमधल्या एका टाउन हॉलातून मी १४ सिंगल्स, म्हणजे बाजूला एकच गाणं असलेल्या छोट्या तबकड्या, उचलून आणल्या. घरी लावल्या तर त्यातल्या ९ कढईत भजी सोडल्यासारख्या वाजल्या. विकणाऱ्यांनी फसवलं म्हणावं, तर तसंही नाही. मीच एक वस्तू घरी विसरलो होतो. म्हणून या वेळी आधीच लिहून काढतोय. साठच्या दशकातल्या सात इंची तबकड्यांच्या नादी लागलेले आणखीही मराठी जीव या देशात असतील, त्यांनीही वाचा.

रोख पैसे घ्या, पाच-दहा पाउंडांच्या नोटा. पाणी. डबा नेलात तर न्या, पण मेथीच्या पराठ्याची बोटं कुणाच्या खोक्यात घालू नका.

आता चकती. तबकडीच्या मधल्या मोठ्या भोकात बसते ती, प्लेअरच्या खुंटीवर ठेवायची. किंमत एका चहाएवढीही नाही आणि नेमकी म्हणूनच विसरते. १९४९ साली आरसीए व्हिक्टर या अमेरिकन कंपनीने मिनिटाला ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी काढली तेव्हा तिला दीड इंचाचं भोक ठेवलं, कारण त्यांच्या आपोआप रेकॉर्ड बदलणाऱ्या प्लेअरची खुंटी तेवढी जाड होती. अमेरिकन सिंगल्सना ते भोक पुढे कायम राहिलं. ब्रिटिश सिंगलला मात्र मोठ्या एलपी तबकडीसारखं बारीक भोक, आणि भोवतीचा भाग चार काड्यांवर तोललेला, म्हणजे ज्यूकबॉक्सवाल्याला (नाणं टाकून गाणी वाजवणारं ते यंत्र, त्याची खुंटी जाड) तो मोडून काढता यावा. कितीतरी जणांनी काढलाही. त्यामुळे मेळ्यातल्या ज्या खोक्यांपाशी आपण सगळ्यात जास्त वेळ रेंगाळतो, त्यातला बराच माल मोठ्या भोकाचा असतो. मेळ्यात ऐकून बघायला नेतो त्या बॅटरीवर चालणाऱ्या प्लेअरची खुंटी तर बारीक. चकती नसेल तर तबकडी नुसती घसरते.

मी काय केलं? चार किलोचं ते धूड खांद्याला लावून दोन गाड्या बदलत गेलो. सेल नवे, हेडफोन गळ्यात. आणि चकती घरच्या प्लेअरवर, सकाळी शेवटचं गाणं ऐकून उठलो तशीच. एखाद्या टेबलावर मागितली असती तर मिळालीही असती. पण हेडफोन लटकवून जाणकाराचा चेहरा करून तासभर फिरल्यावर ‘चकती आहे का हो’ विचारायची लाज वाटली. मग नुसत्या डोळ्यांनी पारखून घेतल्या.

डोळ्यांनी का भागत नाही, ते सांगतो. अमेरिकेतल्या काही कारखान्यांनी सिंगल्स व्हायनलच्या नव्हे, पॉलिस्टायरीनच्या काढल्या. माल स्वस्त आणि काम झटपट. पण स्टायरीनवर झिजलेली सुई किंवा जड हात चालला की खाचेच्या भिंतीच खरवडल्या जातात, आणि वरून तबकडी आरशासारखी चकचकीत राहते. एक चरा दिसत नाही, आणि वाजवली की गाण्यापेक्षा खसखसच जास्त. कडक लागते, वाकत नाही, नखाने टिचकी मारली की व्हायनलपेक्षा टणक वाजते, लेबल वरून चिकटवलेलं असतं. एवढ्यावरून स्टायरीन आहे हे कळेल. किती झिजलीय हे मात्र ऐकल्याशिवाय कळत नाही. ऐकायला प्लेअर लागतो आणि प्लेअरला चकती लागते. माझ्या ९ पैकी ७ याच जातीच्या होत्या.

चकतीतही दोन प्रकार आहेत. भोकात दाबून बसवायची पातळ प्लास्टिकची, बहुधा पिवळी, ती स्टायरीनमध्ये दाबू नका. कडा तडकते आणि मग विकणारा तुमच्याकडे बघतो. खुंटीवर अलगद ठेवायची घुमटासारखी मिळते, ती घ्या. एक नको, दोन घ्या.

यानंतरचं महत्त्वाचं म्हणजे घरी काय आहे त्याची यादी. नुसती नावं उपयोगाची नाहीत, कॅटलॉग क्रमांक हवेत आणि शेवटच्या खाचेपलीकडच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेले आकडेही. कुठली आवृत्ती ते तिथे कळतं. कधी गंमतही सापडते: जॉर्ज पेकहॅम नावाचा तबकडी कापणारा कारागीर तिथे ‘अ पोर्की प्राइम कट’ असं कोरायचा. जी शोधायला निघालात तिच्या अस्सल लेबलाचे फोटो घरूनच फोनमध्ये घाला, जाड दगडी भिंतींच्या हॉलात नेटवर्क येईलच असं नाही. बीटल्सची पार्लोफोन कंपनीने काढलेली पहिली सिंगल, क्रमांक आर ४९४९, ऑक्टोबर १९६२ मध्ये लाल लेबलवर आली. म्हणून लाल दिसलं की हुरळू नका. वीस वर्षांनी, १९८२ मध्ये, पुन्हा काढली तेव्हाही लेबल लालच होतं. छपाई जुळवून बघा. ‘लंडन’ नावाच्या लेबलची पन्नासच्या दशकातली, मोडून काढायचा मध्य त्रिकोणी असलेली प्रत दिसली तर मध्य शाबूत आहे ना तेवढं पाहा, किंमत त्याचीच असते.

टॉर्च न्या, फोनचा नाही, वेगळा. तिरका प्रकाश पाडला की बारीक चरे दिसतात. पाकिटावर ‘व्हीजी’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ‘व्हेरी गुड’ असला तरी प्रत बरी एवढाच घ्या. पाकिटातली तबकडी तीच आहे ना, हेही बघा. चित्राचं कव्हर नाही म्हणून तोंड वाकडं करू नका. सत्तरच्या दशकाच्या शेवटापर्यंत ब्रिटिश सिंगल्स बहुतेक कंपनीच्या साध्या कागदी पाकिटातच यायच्या. चित्रं हवी असतील तर त्या काळच्या फ्रेंच ईपी (सिंगलपेक्षा जास्त गाण्यांच्या सात इंची तबकड्या) बघा, फार देखण्या आहेत.

आपल्याकडची एक गोष्ट राहिली. भारतात बीटल्स लाखेच्या ७८वरही, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरही, निघाले होते, साठच्या दशकात, जेव्हा इथे ७८ कधीच मागे पडली होती. इथले संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. कुणाच्या गावाकडच्या माळ्यावर असलीच तर स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते. आणि ४५च्या सुईने वाजवू नका. मेळ्यात दिसली तर सात इंची डब्यात ती मावणार नाही, पुठ्ठे वेगळे न्या. हो, पुठ्ठे. ते सगळ्यांसाठीच न्या.

मेळ्यात दार उघडल्याबरोबर पहिल्याच टेबलाला चिकटू नका, आत जा. भाव शेवटी करा, एकाच टेबलावरच्या चार-पाच एकत्र. थकलात की घेऊ नका. चकती आहे ना?

घरी आल्यावर धुणं, नवी पाकिटं, उभ्या ठेवणं, रेडिएटरपासून दूर. ते तुम्हाला माहीत आहे.

एक चकती आत्ताच सॅकच्या पुढच्या कप्प्यात टाकली. दुसरी कोटाच्या खिशात. तिसरी प्लेअरच्या झाकणाला आतून टेपने चिकटवलीय.