गाडीचा पुढचा स्पॉयलर बसवताना या चुका टाळा

स्पॉयलर, म्हणजे पुढच्या बंपरखाली लावायची हवा अडवणारी पट्टी, बसवला की फोटो सगळेच टाकतात. तो वेगात कसा वागला हे सांगायला मात्र फारच थोडे परत येतात, आणि जे येतात ते फाटका बंपर घेऊन. त्याच त्या गोष्टी दर वेळी सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

आधी त्याचं काम समजून घ्या. वेगात गाडीच्या पोटाखाली जास्त हवा घुसली की नाक उचललं जातं, पुढच्या टायरवरचा भार कमी होतो आणि स्टिअरिंग हलकं लागतं. पुढचा स्पॉयलर ती हवा अडवून बाजूंना आणि वर वळवतो. हा सगळा खेळ वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, जोर चौपट. त्यामुळे ताशी 40 किमीने फिरणाऱ्या गाडीवर तो निव्वळ दागिना. पोर्शने 1972 च्या 911 एसला बंपरखाली छोटा स्पॉयलर दिला, तो वेगात नाक हलकं पडत होतं म्हणून.

आता माझ्या सगळ्यात नावडत्या चुकीकडे येऊ. बंपरच्या प्लॅस्टिकच्या आवरणात चार स्क्रू पिळायचे आणि काम झालं म्हणायचं. जरा हिशेब करा. दीड मीटर लांब आणि 10 सेंटिमीटर उंच पट्टी हवेला सरळ आडवी धरली, तर ताशी 120 किमीला तिच्यावर साधारण 10 किलोचा दाब येतो आणि 180 ला 23 किलोच्या आसपास. तोही स्थिर नसतो, सतत थरथरता असतो. आवरणाचं प्लॅस्टिक यासाठी बनलेलंच नाही.

एका ओळखीच्या मुलाने असाच स्पॉयलर लावून गाडी ट्रॅकवर आणली होती. दिसायला फक्कड! मी हाताने हलवून पाहिला, तर अख्खा बंपर डुलत होता. त्याला म्हटलं, आज काढून ठेव. तर म्हणे, ‘दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप पण लावलीय, काही होत नाही.’ लांब सरळ रस्त्यावर मधला स्क्रू प्लॅस्टिक फाडून निसटला, पट्टी मागे दुमडून गाडीखाली गेली आणि बंपरचा एक कोपरा सोबत ओढत नेला. चाकाच्या आतलं अस्तर फाटलं, टायरच्या कडेवर चीर पडली. नशीब, समोर वळण नव्हतं. उतरल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, ‘जास्त ताकदीची टेप कुठली?’

माझी पद्धत साधी आहे. आवरणामागच्या लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या बीमपर्यंत पोचणारे ब्रॅकेट, रुंद वॉशर, थरथरीने न सुटणाऱ्या, आत नायलॉनची रिंग असलेल्या लॉकनट. स्प्लिटर, म्हणजे बंपरखालून पुढे आलेली सपाट फळी, असेल तर वरून आधाराचे रॉडही. मग कडा धरून जोरात हलवायचं. गाडी स्प्रिंगवर हलली तर ठीक. नुसता बंपर हलला तर सगळं उघडून पुन्हा. टेप वाईट नाही, पण ती मदतनीस. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, कोरडी करून लावा आणि पूर्ण पकड यायला 72 तास द्या. संध्याकाळी टेप लावून सकाळी गाडी धुणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

दुसरी चूक घाईची: आधी रंग, मग फिटिंग. फायबरग्लासचा तुकडा साच्यातून निघताना थोडाफार पिळलेला असतोच. एक टोक चिकटतं तर दुसऱ्याला बोटभर फट. रंगवलेला असला की घासायला जीव होत नाही, म्हणून लोक स्क्रू आवळून फट मिटवतात. चारआठ दिवसांत त्या स्क्रूभोवती चांदणीसारख्या भेगा. तुकडा कच्चा असतानाच लावून पाहा, घासा, पुन्हा लावा. गाडी चारही चाकांवर उभी हवी, जॅकवर नको, नाहीतर जमिनीपासूनचं अंतर खोटं दिसतं. मध्यरेषा नंबरप्लेटवरून धरू नका, ती बहुतेक वेळा तिरकी असते. मी बॉनेटच्या दोन्ही कडांपासून मोजतो. फिटिंग मधून सुरू करून टोकांकडे जातो. दोन्ही टोकं आधी आवळली की मधे फुगा राहतो. भोकाच्या जागी मास्किंग टेप, आधी बारीक ड्रिल, मग मोठं. प्लॅस्टिक उन्हात वाढतं, म्हणून टोकांकडची भोकं थोडी लांबट ठेवा. उघड्या पत्र्यात भोक पाडलं तर प्रायमर लावल्याशिवाय स्क्रू घालायचा नाही.

ब्रेक मारला की नाक खाली बसतं, हे उंची ठरवताना विसरू नका. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून टोकं टायरला लागत नाहीत ना, ते पाहा. टोईंग हुकची जागा झाकू नका. ब्रेकला हवा देणारी तोंडं बुजवू नका.

मोठा स्पॉयलर फक्त पुढे लावून मागे काहीच न करणं हेही धोक्याचं. पुढचे टायर चिकटतात, मागचे हलके राहतात, आणि वेगातल्या वळणात मागचा भाग सुटतो. मागची पकड कमी पडली की काय होतं, ते ऑडी टीटीच्या बाबतीत दिसलं. 1998 मध्ये आलेल्या या गाडीला वेगातल्या अपघातांनंतर मागचा छोटा स्पॉयलर आणि ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, द्यावी लागली.

बसवल्यानंतर ठरावीक वेगाला गुणगुण ऐकू येत असेल, तर बंपर आणि स्पॉयलरमधल्या फटीवर मास्किंग टेप चिकटवून फेरी मारा. आवाज गेला तर फट बुजवा. राहिला तर मधे एक ब्रॅकेट कमी आहे.

इंजिन तापू लागलं तर कधी तापतं ते बघा. रहदारीत तापत असेल तर फॅनकडे वळा, स्पॉयलरला दोष देऊ नका. मोकळ्या रस्त्यावर वेगात तापत असेल, तर हवेची वाट अडलीय किंवा बदललीय. बंपरखालची मूळ पट्टी ‘कुरूप दिसते’ म्हणून काढून फेकणाऱ्यांना हे हमखास भोवतं. 1984 ते 1996 च्या कॉर्व्हेट या शेवरोलेच्या स्पोर्ट्स कारमध्ये रेडिएटरची बरीचशी हवा खालूनच येते. तिथली काळी पट्टी तुटली की काटा चढतो. अशा गाडीवर नवा स्पॉयलर लावायचा तर मूळ पट्टीइतकाच खाली आणि त्याच रेषेत आणा, आणि पहिल्या लांब फेरीनंतर सगळे नट पुन्हा तपासा.